पाच डबे

बोबो-दिउलासोत, लासिनाच्या मोटारसायकल गॅरेजपुढे
शनिवारी संध्याकाळी आमची यादी ठरते.
ठरते म्हणजे, गेली चार वर्षं ठरतेच आहे.
माझं अक्षर बरं, म्हणून खडू माझ्याकडे;
आणि खडू माझ्याकडे, म्हणून मत मला कुणी विचारत नाही.

निळ्या पत्र्याच्या दारावर एक ते दहा आकडे.
पुढच्या जागा पुसून पुसून ढगाळलेल्या.

चहाची पहिली फेरी कडू. तोवर सगळे सभ्य असतात.
सिए म्हणतो, "'उधारीवरचा घोडा' काढा.
घोड्याच्या कपाळावरचा ठिपका मध्यंतरानंतर
डावीकडून उजवीकडे गेलाय."
"तू घोडा बघत होतास?" बिबाता विचारते.
ती बाजारात सुकी मासळी विकते
आणि रडवल्याशिवाय कुठल्याच सिनेमाला
चांगलं म्हणत नाही.
'मिठाचा जावई' तिनं सहा वेळा पाहिला.
सहाव्यांदा डोळे कोरडे राहिले
तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आली, माझ्याच खिडकीशी.
मी थेंब दिले.

दुसरी फेरी गोड, आणि आवाज चढलेले.
दोफिनी, निवृत्त जकात अधिकारी,
अजूनही बोलताना समोरच्याची पिशवी तपासल्यासारखा बघतो:
"आवडणं वेगळं, थोर असणं वेगळं."
लासिना पान्यानं टाकीवर ठोकतो,
"थोर म्हणजे तोच ना,
जो बघताना बाकडं टोचतं?"
मग हमरीतुमरी. एक पेला उलटतो.
सिए उठून जातो, कोपऱ्यापर्यंत,
आणि चप्पल विसरली म्हणून परत येतो.

एका नावावर मात्र भांडण होत नाही.
'विहिरीपलीकडची बहीण'.
तेव्हा थिएटरला छप्पर नव्हतं,
उजेडाच्या झोतात वटवाघळं शिरायची
आणि नायिकेच्या गालावरून सावली उडून जायची.
राजधानीहून बसनं डबे यायचे.
चिठ्ठीवर सहा लिहिलेले, उतरले पाच.
पाचव्याच्या शेवटी बहिणीचा हात कडीवर,
आणि भक्कन दिवे.
मालक पडद्यापुढे येऊन म्हणाला,
"उरलेलं घरी जाऊन ठरवा."
पैसे परत दिले नाहीत त्यानं.

तेव्हापासून ठरवतोय.
सिएच्या मते दार कुणी उघडत नाही.
बिबाताच्या मते आई उघडते, आणि ओळखत नाही.
लासिना म्हणतो, आतून ती स्वतःच बाहेर येते.
"म्हणजे कसं?"
"तेच तर."
दोफिनीचा शेवट बदलत असतो.
गुडघ्याच्या ऑपरेशनपासून
त्याची बहीण उंबऱ्यावर बसून राहते,
कडी न वाजवता, जरा दम खात.

मी सहावा डबा पाहिलाय.
परिचारिकेचं शिकायला वागादुगूला होते,
एका गार हॉलमध्ये, अंगावर दुसरीची शाल घेऊन.
दार नोकर उघडतो.
मग एक लग्न आहे, पुष्कळ नाच,
आणि एक भारदस्त आवाज
बहिणींनी कसं वागावं ते सांगतो.
परतीच्या बसमध्ये मला मळमळलं.
रस्ता खराब होता, हेही खरं.

अकरा वर्षं मूग गिळून बसलेय.
कधी वाटतं, दोफिनीला तरी सांगावं,
तो आयुष्यभर खरं-खोटं तपासत आला.
मग तो उंबऱ्यावरची बहीण सांगायला लागतो
आणि मी त्याच्या पेल्यात साखर घालते.

तिसरी फेरी, नुसता पाक.
आज कसं कोण जाणे, नऊ नावं टिकली.
"दहावं लिही," लासिना म्हणाला. "तेच."
मी लिहिलं, आणि पुढे, जरा बारीक, 'पाच डबे'.
"हे कशाला?" बिबातानं विचारलं.
"जागा उरली होती."
दोफिनी माझ्याकडे बघत राहिला,
त्या जुन्या, पिशवी उघडा म्हणणाऱ्या नजरेनं,
आणि मग, बहुतेक, जाऊ दिलं.

तोवर सिएनं फडकं ओलं केलं होतं,
पहिल्या नंबरासाठी.