ओळखीची खूण

सर्व्हिस बुकाचं पहिलं पान वाळवीनं कुरतडलंय,
पण रकाने शाबूत आहेत.
नाव: मुकुंद विठोबा नागवेकर.
उंची: पाच फूट चार.
ओळखीची खूण: उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग.

कोठी कचेरीच्या रेकॉर्ड खिडकीशी उभी राहून
मी तो डाग वाचते.
फुंकणी, कोळसा, टाकणखार,
वेंगुर्ल्याला सोनाराच्या दुकानात नऊ वर्षांचा पोर
नथीला डाख देताना बापाच्या हाताखाली भाजला.
पुढे सुभासाहेबांच्या अंगावर
तेवढंच एक दुकान उरलं.

एकोणीसशे आठ.
आगबोट, मग बी.बी.सी.आय.ची गाडी,
ट्रंकेत कायद्याची चार पुस्तकं
आणि तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सुकं.
बाजवाड्यातला घरमालक वैष्णव.
म्हणाला, वकीलसाहेब, खोली तुमची, पण हवा आमची.
मग रात्री अकरानंतर, दारंखिडक्या लावून,
फटींत फडकी कोंबून
बायकोनं बोंबील भाजले, कैक वर्षं.
आजोबा सुभा झाल्यावर भरदुपारी भाजले.
वास कुणालाच आला नाही.

कोर्टात मराठी,
अशिलांशी गुजराथी,
अपिलाच्या कागदावर इंग्रजी,
ठेच लागली की मालवणी.

पहिली अशील जीवी वाघरण,
विश्वामित्रीच्या पात्रात वांगी लावणारी.
सरकार म्हणे, पात्र सरकारचं.
आजोबा उभे राहिले:
नदी पावसाळ्यात सरकारची असेल, रावसाहेब,
उन्हाळ्यात ती त्याची,
जो वाळूत झरा खणून पाणी काढतो.
मुन्सफ हसला. मनाईहुकूम मात्र दिला.
फी, टोपलीभर वांगी.
आणि पुढे दर शनिवारी, न मागता.

मग हुजूर कचेरीतून बोलावणं.
वहिवाटदार, नायब सुभा, सुभा.
अमरेली, कडी, नवसारी,
बदल्या कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवल्यात,
जणू खोडायच्याच होत्या.
बाररूममध्ये म्हणाले, नागवेकर विकला गेला.
आजोबा म्हणाले म्हणे,
निव्वळ सोन्याचा दागिना होत नाही,
थोडं तांबं घालावं लागतं.
किती, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

म्हणून मी दुसरी फाइलही मागवली.
लाल कापडात, गाठ सुटेना, कारकुनानं दातांनी सोडली.
सन अठ्ठावीस. तीच वाडी, तोच काठ,
तीच जीवी, आता अंगठ्यासोबत मुलाची सही.
अपील सर सुभांकडे. म्हणजे यांच्याकडे.
अर्जाला टाचलेला जुना युक्तिवाद,
यांच्याच अक्षरात.
त्याखाली, त्याच अक्षरात:
'वकिलांचा मुद्दा नीट मांडलेला आहे.
तथापि मान्य करता येत नाही. अर्ज नामंजूर.'

शाई कुठेही फुटलेली नाही.
मी भिंग लावून पाहिलं.

त्या शनिवारी वांगी आली का,
यासाठी रकाना नाही.
बाबा सांगायचे, आली.
आजोबांनी परत पाठवली, असं बाबांचं म्हणणं.
आत्या म्हणायची, ठेवून घेतली, भरली वांगी झाली,
मी स्वतः खाल्ली.
दोघं गेली, भांडण आमच्याकडे आलं.

शेवटच्या पानावर, वर्तणूक: चांगली.
मूळ गाव: वेंगुर्ले. त्यावर काट.
बडोदें. त्यावरही काट.
पुन्हा वेंगुर्ले, बारीक अक्षरात,
तिथलं घर विकून तेव्हा सोळा वर्षं झालेली.

नकलेच्या अर्जावरून कारकून मान वर करतो.
नागवेकर? तमे मूळ क्यांना, बेन?
मी म्हणते, बाजवाडा.
हसतो.
ए तो ठीक, पण मूळ?

मागे रांगेत चार माणसं,
आणि दीड वाजता खिडकी बंद होते.