साडेचार फुटी

कंपनीतली आठ फुटी होती.
एकतीस वर्षं वाळूजच्या शेडमध्ये
मी तिच्यासमोर उभा.
निरोपाला शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
तिच्याजवळ दुसऱ्या दिवशी कोण उभं राहिलं, माहीत नाही.

घरामागं पत्र्याची खोली, नऊ बाय सात,
आणि माझ्या डोक्यात तीच. तेवढीच.

जालन्यात, भोकरदन नाक्याच्या मागं,
खाजाभाई एकेक ताडपत्री उचलत गेले.
आठ फुटी: गिअरच्या पेटीत उंदरांचा संसार.
सहा फुटी: बेड चकाजवळ खचलेला, भाड्याच्या घोड्याच्या पाठीसारखा.
मी नख फिरवत गेलो. अडलं, तिथं थांबलो.
"उस्ताद, घर कित्ता बडा है?"
मी ऐकलं नाही असं केलं.

कुशावर्तानं फरशीवर खडूनं रेघ मारली.
आठ फूट. दार उघडेना.
सहा फूट. "चकामागून गज निघणार
तो शेषाबाईच्या न्हाणीत का?"
मग बसली रेघेवरच:
"सांगा, सगळ्यात लांब काय येणार तुमच्याकडं?"

शिलाई मशीनची दांडी. विहिरीच्या मोटारीचा बुश.
लुनाचं एक्सल. ट्रॉलीची पिन.
पेरणी यंत्राचा शाफ्ट. तो तीन फुटी.

आता साडेचार फुटी म्हणजे
साडेचार फुटांचं काम नव्हे.
डोकं आपली जागा खातं, शेपूट आपली,
मधे उरतात दोन फूट, ओढूनताणून.
शाफ्ट गेला.
त्याच्यावर काट मारताना पेन्सिल मोडली,
असं ती सांगते. मला आठवत नाही.

आणि फरशीखाली काळी माती.
चैत्रात एवढी भेगाळते
की एकदा लाटणं गेलं आत, ते गेलंच.
श्रावणात फुगते, उंबरा उचलते.
लांब बेड मातीबरोबर पीळ खाणार,
मी गोल म्हणून देईन ते निमुळतं निघणार,
पॉइंट शून्य पाच.
कुणाला दिसणार नाही.
मला दिसणार.

छोट्या हत्तीतून आली, पाइपांवरून घरंगळत,
सहा माणसं, दोन शिव्या, एक लिंबू.
सिंगल फेजवर पहिल्यांदा फिरली
तेव्हा शेषाबाईचा टीव्ही मिचमिचला.
पहिलं काम: मिक्सरचं कपलिंग, वीस रुपये.

सवयीनं टेलस्टॉककडं निघालो,
तीन पावलं टाकायची म्हणून,
दीड पावलातच पोटाला चाक लागलं.

उरलेल्या जागेत तिनं लसणाचं पोतं आणून ठेवलं.
म्हटलं, बुर उडेल त्यात.
म्हणाली, मग जपून कापा.