वीस मिनिटं

भुईमूग उपटताना चावलं, बाप सांगतो.
मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलेली तलातू.
वय नऊ की दहा, त्याला नक्की ठाऊक नाही;
वार मात्र नावातच आहे, मंगळवार.
मनगटाच्या वर काळा दगड बांधलेला
आणि दुसऱ्या मुठीत अजून
मातीसकट तीन शेंगा.

शेंगा मी सोडवून घेत नाही. दगड सोडवते.

गारबा सापाचं नाव घेत नाही.
त्याच्या वाडीत त्याला म्हणतात 'उद्या लांब आहे'.
करवतीसारखे खवले, अंग घासलं की
तापल्या तव्यावर पाणी पडावं तसं चर्र.
तेच ना?
अंधार होता, म्हणतो. चर्र ऐकलं नाही.

कानोला होते तेव्हा तातडी म्हणजे धावाधाव:
ट्रक, सुरे, उकळतं तेल.
इथे, गोंबेच्या दक्षिणेला,
तातडी म्हणजे काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त,
खिडकीत उभं,
आणि वीस मिनिटं त्याला हात लावायचा नाही.
गोठलं, तर रक्त अजून तिचं.
वाहिलं, तर सापाचं.

फ्रिजमध्ये कुपी एक.
पुढची गाडी गुरुवारी.

वीस झाली. नळी एकदाच कलंडवायची असते.
कलंडवली.
रक्त सरबतासारखं काठाकडे आलं.

बित्रुसने फ्रिज उघडलासुद्धा.
मी मात्र तिचा हात बघत राहिले:
सूज मनगट ओलांडायला तयार नाही,
हिरड्या कोरड्या, दातांच्या दोन खुणांवर
खपली धरू लागलेली.
हाताचं म्हणणं एक, काचेचं दुसरं.
नळी नाकाशी नेली.
लिंबाचा वास.

"धुतलीस?"
"दोनदा, डॉक्टर. साबणाने."
केवढ्या अभिमानाने सांगितलं त्याने.
नव्या नळ्या शुक्रवारीच संपल्या होत्या;
मला त्रास नको म्हणून बोलला नव्हता.
साबण लागलेल्या काचेत रक्त गोठायचं विसरतं.
इतकी स्वच्छ काच, आणि खोटं बोलते.

मी ओरडले नाही.
(नंतर ओरडले. ते इथे नको.)

लसींच्या जुन्या खोक्यात तळाशी एक कोरी नळी मिळाली.
पुन्हा दोन मिलिलिटर. पुन्हा खिडकी.
गारबाला काय सांगू,
की मघाची वीस मिनिटं मोजायची नाहीत?
वाटेत त्याने बकरी विकली आहे.
पैसे टोपीत, टोपी मांडीवर.
तो कुपीकडे बघतो,
कुणा घोड्याच्या रक्तातून गाळून आणलेलं ते पाणी,
आणि समोर एक बाई ते देत नाही.
त्याच्या जागी मी असते तर माझा गळा धरला असता.

चुकले, तर तिची वीस मिनिटं मी खाल्ली.
नाही चुकले, तर कुणाला काही कळणारही नाही.

तेराव्या मिनिटाला तलातूने दातांनी शेंग फोडली.
एक दाणा तिने खाल्ला, एक माझ्या तळहातावर ठेवला.
कच्चा. मातीची चव.
चावत चावत घड्याळ पाहिलं.

कलंडवली.
काही हललं नाही.
मग, नियमात नसताना, पूर्ण उलटी केली:
तळाशी जांभळा गोळा,
हट्टी पोरासारखा बसून राहिलेला.

बित्रुसने कुपी आत ठेवली, दार लावलं,
पुन्हा उघडून पाहिलं, आहे ना.
बकरी परत मिळेल का, गारबा विचारतो.
मला साप कळतात, बाबा. बाजार नाही कळत.

रात्र इथेच काढा, म्हणते, पुन्हा रक्त बघायचंय.
कशात, ते अजून माहीत नाही.
सकाळी बघू, म्हणते.
'उद्या' हा शब्द
या वॉर्डात मी वापरत नाही.