दाब, दोन, तीन

रात्री नऊला ड्यूटी घेताना मी आधी रजिस्टर उघडत नाही.
आधी पिशवी.
अंबू बॅग म्हणतात तिला. फुगीर,
मोसंब्यापेक्षा थोडी मोठी.
मास्क तळहातावर घट्ट टेकवायचा, पिशवी दाबायची,
हवा हाताला ढकलते का बघायचं,
मग झडप फुर्रकन सुटते, तो आवाज ऐकायचा.

नवी आलेली श्रावस्ती विचारते,
रोज काय त्यात, सिस्टर? काल तर चालत होती.
काल चालणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.
एकदा कुणीतरी धुऊन जोडताना
झडपेची चकती सिंकवरच विसरलं होतं,
नाण्याहून लहान, पारदर्शक.
मला ते नऊ वाजून सात मिनिटांनी कळलं.
पहाटे तीनला नाही.
एवढंच सांगते तिला.

वॉर्मरची एक नळी पिवळी पडलीय, तरी तापतो.
त्याखाली दोन टॉवेल.
शून्य नंबरचा मास्क, एक नंबरचा मास्क,
चिकटा ओढायचा रबरी गोळा, क्लॅम्प, बंद पाकिटातलं पातं.
घड्याळाचा सेकंदकाटा अडखळायला लागला
की सेल मी माझ्या पैशाने आणते.
खिडकीबाहेर ठाणे-बेलापूर रस्ता, टँकरची रांग,
एमआयडीसीचा कसलासा गोडसर वास.

गोठिवलीची प्रणिता साडेतीनला मोकळी झाली.
मुलगी. निळसर. गप्प.
पुसलं, पाठ चोळली. गप्पच.
एरवी नाळेची धडधड थांबेपर्यंत मी हात लावत नाही,
आईचं देणं पुरतं पोचू देते.
आज थांबणं परवडणारं नव्हतं.
दोन चिमटे, मधे पातं.
बुंधा जरा लांब ठेवला, लागलाच तर असावा.
वॉर्मरखाली मान किंचित वर,
कशाचा तरी वास घेत असल्यासारखी.

दाब, दोन, तीन.
दाब, दोन, तीन.
छाती हलेना. मास्क पुन्हा बसवला.
दाब, दोन, तीन.
हलली.

श्रावस्ती, दोन बोटं नाळेच्या मुळाशी.
तिने धरली. म्हणाली,
सिस्टर, हे माझं वाजतंय की हिचं?
पुस्तकात नाही हा प्रश्न.
दुसऱ्या हाताने टेबलावर ठोके दे, म्हटलं, मला ऐकू दे.
टक.
टक.
टक टक.
टकटकटक.
दाब, दोन—
आणि ती रडली.
तिसरा आकडा माझ्या तोंडातच राहिला.

बाहेर सासू, हिराबाय. पदराच्या गाठीत हळद,
बाटलीत खोबरेल. नालेला लावाला, म्हणाली.
काही लावायचं नाही, म्हटलं.
राख नाही, तेल नाही, पावडर नाही.
कोरडी ठेवा, लंगोट खाली दुमडा, वारा लागू दे.
मग हलदीचं काय करू?
आमटीत घाला.
तिला ते पटलं नाही. पण तिने गाठ सोडली नाही.

नवव्या दिवशी आली, हातात काडेपेटी.
बाय, नाल परली.
आत खजुराच्या बीसारखं काळं, वाळलेलं.
वास नाही, पू नाही. मी बेंबी पाहिली, स्वच्छ होती.
आता पुरणार कुठे, मी विचारलं.
तिचं शेत सेक्टरमध्ये गेलेलं,
अंगणात पेव्हर ब्लॉक.
तिने ठरवलेलं होतं.
रात्री गाड्या कमी झाल्या की दुभाजकात, बोगनवेलीखाली.
तेच आमचं शेत हतं, म्हणाली,
भाताचा मधला बांध.

जाताना पिशवीतून कागदाची पुडी काढली.
नाळेचा क्लॅम्प. प्लास्टिकचा, पांढरा,
घासून लख्ख केलेला.
दुसऱ्या कुनाच्या पोराला व्हईल.
तो पुन्हा लावायचा नसतो, लाल पिशवीत टाकतात,
हे सांगायला मी तोंड उघडलं,
आणि म्हटलं,
ठेवा तिथे.