टपाल

लिंडन फोर्कच्या पोस्टात मी एकटीच असते.
पूर्वी गावाचं नाव सांगितलं
की लोक विचारायचे, कुठं आलं हे?
आता कुणी विचारत नाही.

पहिले तीन दिवस काहीच आलं नाही.
टपालाला बातमी उशिरा कळते.
मग अस्वलं यायला लागली,
कापसाची, तपकिरी, गळ्यात निळी रिबीन,
खोक्यांवर खोकी, माझ्या खुर्चीपर्यंत.
गेले ते नऊ जण.
सगळ्यात लहान एकोणीस वर्षांची,
सगळ्यात मोठा रोल्फ टिंगेलस्टाड, एकाहत्तर वर्षांचा,
स्केटिंग हॉलवर भाड्याच्या बुटांत लेस ओवायचा.
अस्वलांचं काय करायचं
ते कुणीच लिहिलं नव्हतं.

एका पाकिटावर पत्ता होता:
काल टीव्हीवर निळ्या स्वेटरमध्ये रडली त्या बाईंना.
मी ओळखलं. मार्लिसच्या पेटीत टाकलं.
दुसऱ्या दिवशी तिलाच एक उघडं पोस्टकार्ड.
मुलगी खरंच होती का तुमची?
दाखला पाठवा.
पत्ता पूर्ण, तिकीट बरोबर.
नियम असा की पोचवायचं.
मी पोचवलं.
तेव्हापासून ती काउंटरवर येत नाही,
रात्री कुलूप लावल्यावर पेटी उघडून जाते.

समोर व्हर्लिनचं हार्डवेअरचं दुकान.
दारावरच्या पाटीवर अक्षरं बसवून ठेवलेली:
हरणांचा हंगाम, काडतुसांवर वीस टक्के सूट.
वार्ताहर मुलगी थेट प्रक्षेपणात बोलत होती
आणि तिच्या खांद्यामागे ती सूट
देशभर दिसत होती.
व्हर्लिन शिडी घेऊन धावला.
मग नऊ नावं लावायला घेतली
तर डब्यात ई पुरेनात.
तीनचा आकडा उलटा फिरवून एक ई झाला,
एल दुमडलेल्या पत्र्यातून कापले,
शेवटचं नाव रंगानं लिहिलं.
खाली उभा कॅमेरावाला म्हणाला,
पुन्हा एकदा चढता का,
मघाशी ऊन आड आलं.
तो चढला.

आत गल्ल्यापुढे रांग लागलेली.
कायदा बदलणार म्हणे, आत्ताच घेऊन ठेवा.
माझा भाऊ ओरिनही त्या रांगेत.
मी काही विचारलं नाही.
संध्याकाळी त्यानं माझ्या गाडीचं तेल बदलून दिलं.
रविवारी एकाच बाकावर बसलो,
पाद्री दोघांकडे बघून बोलत होता
असं मला वाटलं,
त्यालाही वाटलं असेल.
कायदा काही बदलला नाही.

अकराव्या दिवशी गाड्या गेल्या.
जनरेटर होता तिथं गवताचा चौकोन
पिवळा पडून राहिला.
वार्ताहर मुलगी जाताना घरी एक कार्ड टाकून गेली,
आईला लिहिलेलं, दोनच ओळी:
इथली पाय फार चांगली असते.
मला झोप येत नाही.

काल व्हर्लिन खोकं घेऊन आला.
चार राज्यं पलीकडच्या कुठल्यातरी गावातून
त्याला फोन आला होता,
तिथल्या हार्डवेअरवाल्याचा.
आधी बराच वेळ नुसता श्वास,
मग, तुमच्याकडे जास्तीचे ई आहेत का?
त्यानं सगळे भरले होते,
उलटा तीनसुद्धा.
खोकं काडतुसांचं होतं,
बाहेरचं छापील नाव काळ्या मार्करनं
नियमाप्रमाणे नीट खोडलेलं.

मी वजन केलं.
मग दिवसातून चाळीस वेळा विचारते ते विचारलं:
आत काही द्रव, नाजूक, नाशवंत
किंवा धोकादायक आहे का?

तो खोक्याकडे बघत राहिला.
मागे रांगेत दोघं उभी होती,
त्यांनीही घाई केली नाही.