प्येझिना, स्त्रीलिंगी नाम

कोशाच्या कचेरीतून निघताना माझ्याजवळ होतं
बुटाचं एक खोकं, त्यात कोऱ्या चिठ्ठ्या,
आणि त्या हिवाळ्यापुरतं एकच अक्षर.

बसनं सोडलं ते गुडघाभर बर्फात.
लेओकादिया वोइतासिक दारातूनच म्हणाली,
"शब्द गोळा करता? मग बटाटे सोला.
कानांना कुठं हात लागतात?"

मी सोलत बसलो. ती सांगत गेली.

प्येझिना म्हणजे दुलई, हंसांच्या पिसांची.
पण पीस उचललं आणि भरलं, असं नसतं.
मधला काटा सोलून टाकायचा,
दोन्ही अंगांचं मऊ तेवढं ठेवायचं.
एका दुलईला चौदा हंस, अख्खा हिवाळा,
आणि टेबलाभोवती आठ बायका,
ज्यांनी शिंकायचं नाही,
हसायचं तर ओठ मिटून.
"आणि तो मेला ओनुफ्री!
खिडकी ढकलून त्यानं चिमणी सोडली आत.
तीन रात्रींचं काम छताला जाऊन चिकटलं.
आत्यानं त्याला लाटण्यानं बडवला
आणि पुढच्या वर्षी लग्न केलं त्याच्याशीच."

मी लिहिलं: शब्दशः.

मग शब्द घराबाहेर पडला.
नोव्हेंबरात तिचा भाऊ खिडकीशी उभा राहतो,
शेतातल्या रायकडे बघत पुटपुटतो, "नागडीच आहे अजून."
कोरडी थंडी कोंब जाळते. बर्फ पडलं, की म्हणतो,
घातली बाई एकदाची प्येझिना,
आणि मगच स्वतः झोपायला जातो.
नाताळच्या ताटात खारा मासा,
वर बीट, अंडं, घट्ट साय: तोही प्येझिनेखाली.
नवरीच्या गाडीवरच्या दुलया लोक कुंपणावरून मोजत,
म्हणून गरिबाची पोर ती "एका प्येझिनेची".
आणि नवराबायकोचं जे पाद्रीलासुद्धा सांगायचं नसतं
ते कुठलं, हे तिनं मला
बटाटा दाखवत समजावलं.

लाक्षणिक, लाक्षणिक, लाक्षणिक.
खोकं भरत होतं. मी खूश होतो.
सवयीनं शेवटचा प्रश्न विचारला:
अजून कुठं वापरता?

तिनं सुरी पुसली.

"बेचाळीसचा ऑगस्ट. मी सात वर्षांची.
बाजारगल्लीकडून बर्फ यायला लागलं,
भर उन्हात.
मी जीभ बाहेर काढून उभी राहिले.
वितळेना."

गल्लीतली माणसं पहाटे नेली होती.
मागं राहिलेल्या दुलया फाडत होते,
आत सोनं शिवलेलं असेल म्हणून.
"कोण फाडत होते?"
"आधी ते," ती म्हणाली.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"मग आपलेच."

आईनं एक आणली, न फाटलेली.
जाड लाल खोळ, कोपऱ्यात भरलेली दोन अक्षरं,
उजवीकडून वाचायची.
"त्या हिवाळ्यात मला थंडी वाजली नाही.
पुढं खोळ बदलली. पिसं तीच.
दर उन्हाळ्यात ऊन दाखवते."

पेन्सिल हातात तशीच. चिठ्ठीवर दोनच रकाने छापलेले.
"हे कशाखाली लिहू?"
"जड, असं लिहा."
"ते विशेषण आहे, मावशी. मला अर्थ हवा."
"मग राहू दे कोरी," ती म्हणाली,
आणि पातेलं चुलीवर ठेवलं.

परतीची बस नव्हती.
तिनं आतल्या खोलीत अंथरूण घातलं.
ही त्यातली कुठली, मी विचारलं नाही.
ती उबदार होती.
एवढं तरी मला खरं लिहायला हवं:
फार उबदार होती, आणि मला झोप लागली.

पहाटे मानेला काही टोचलं.
खोळीतून एक काटा वर आला होता,
कुठल्यातरी टेबलाशी, कुठल्यातरी आठजणींपैकी
एकीच्या हातून
सोलायचा राहून गेलेला.