ठसा

रेशन दुकानामागे, फणसाच्या मुळांत
तीन अळंबी उगवली होती, बनपावासारखी फुगलेली,
वरून तपकिरी, जरा चिकट,
देठ मनगटाएवढा.
श्रावणातली उघडीप.
वेंगुर्ल्याहून धान्याची गाडी यायला अजून तास होता.

मी एक उपटून उलटं केलं.
पोटाशी पडदे नव्हते.
बारीक भोकं होती, नुसती भोकं,
आंबोळीला पडते तशी जाळी,
पिवळट, दमट.

पुस्तक इथवर सोबत करतं: पडदे की भोकं.
मग ते निघून जातं परदेशी झाडांखाली,
ओक, बर्च, पाइन.
फणस त्याला माहीत नाही.

शेवंती घाडी पिशवी घेऊन रांगेआधीच आलेली.
हे खातात का, मी विचारलं.
"आमी वारुळावरली खातांव. ह्येका नाव नाय.
नाव नाय तां तोंडात घालूचां नाय."
आणि खात्री करावी तसा
तिने जाळीवर अंगठा दाबला.

मी मनात आकडे मोजले.
चार, पाच. सातव्याला
निळं उमटू लागलं,
मग गडद, शाईच्या पॅडसारखं,
अंगठ्याएवढं, अंगठ्याच्याच आकाराचं.
रेषा मात्र नव्हत्या त्यात.
त्या काजूच्या चिकाने खाल्ल्या
फॅक्टरीतल्या बावीस वर्षांत.

निळं पडलं की विष, असं गाव म्हणतं.
तसं काही नसतं, पुस्तक म्हणतं.
मी दोघांचं ऐकून घेतलं
आणि चाखलं नाही.

गाडी आली. रांग लागली.
मशीनवर तिने उजवा अंगठा ठेवला. ओळख पटली नाही.
पदराला पुसून पुन्हा. पटली नाही.
डावा. मग एकेक बोट,
करंगळीसुद्धा.
मागून कोणी म्हणालं, आटपा.
मी जुनी वही काढली, हाताने लिहिली ओळ:
शेवंती रामा घाडी, तांदूळ दहा किलो.
अंगठ्याच्या रकान्यात माझी सही.
वरून विचारतील तेव्हा विचारतील.

रात्री त्याच वहीच्या कोऱ्या पानावर
अळंब्याची टोपी पालथी ठेवली, वर वाटी.
सकाळी उचलली, तर खाली ठसा,
शेवाळी तपकिरी, भोकानिशी भोक.
बाजूला लिहिलं:
फणसाखाली. जाळी. दाबल्यावर निळं.
नाव लिहायची जागा मोकळी सोडली.

थोडी पूड शेजारच्या पानावर सांडली होती,
तिच्या ओळीवर, दहा किलोच्या आकड्यावर.
मी ती फुंकली नाही.